घोड्याचा विश्वास मिळवताना : नव्या स्वारांसाठी क्रमवार मार्गदर्शन

घोडेस्वारी शिकायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात पडण्याची भीती असते आणि घोडा आपले ऐकेल की नाही ही शंका असते. त्याच वेळी समोर उभ्या असलेल्या घोड्यालाही हे नवे माणूस धोक्याचे आहे की नाही याचा अंदाज घ्यायचा असतो. दोघांच्याही शंका एकाच उपायाने फिटतात. स्वाराच्या वागण्याचा अंदाज घोड्याला बांधता आला पाहिजे. आज एखाद्या खुणेचा जो अर्थ होता तोच उद्याही असला पाहिजे, आणि घोड्याने बरोबर उत्तर दिल्याक्षणी ती खूण थांबली पाहिजे. पुढच्या प्रत्येक पायरीत हीच गोष्ट निरनिराळ्या रूपांत करायची आहे, आणि तिचा मोठा भाग पाठीवर बसण्याआधी, जमिनीवर उभे राहूनच होतो.

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. आज शहरांत घोडेस्वारी शिकणारे जवळजवळ सगळेच बारगिराच्या जागी असतात. घोडा शाळेचा असतो आणि एका दिवसात त्याच्या पाठीवर अनेक वेगवेगळी माणसे बसतात. त्यामुळे "घोडा आपला नाही, मग नाते जोडून काय उपयोग" असे पुष्कळांना वाटते. हे वाटणे चुकीचे आहे. घोड्याला माणसे लक्षात राहतात, आणि ज्या माणसासोबत शिकताना चांगला अनुभव आला त्याच्याजवळ तो काही महिन्यांच्या खंडानंतरही आपणहून येतो, असे फ्रान्समधील संशोधकांना तरुण घोड्यांवरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. आठवड्यातून दोनदा भेटणारा स्वारसुद्धा घोड्यासाठी ओळखीचा माणूस होऊ शकतो.

घोड्याला जग कसे जाणवते

घोडा हा शिकाऱ्यापासून पळून जीव वाचवणाऱ्या प्राण्यांपैकी आहे, आणि त्याचे शरीर त्याच कामासाठी घडलेले आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे 350 अंशांचा परिसर दिसतो. मात्र कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग, नाकाखालचा भाग आणि शेपटीच्या थेट मागची जागा त्याला दिसत नाही. कान तो स्वतंत्रपणे सर्व बाजूंना फिरवू शकतो. कातडी इतकी संवेदनशील असते की बसलेली एक माशीसुद्धा तेवढाच भाग थरथरवून तो उडवतो. अशा कातडीवर टाचांचे फटके मारण्याची मुळात गरजच नसते, हे नव्या स्वाराने पहिल्या दिवशीच मनात ठसवून घ्यावे.

संशय आला की घोडा आधी पळतो आणि नंतर वळून पाहतो. हा त्याचा हट्ट नव्हे, हजारो पिढ्यांचे शहाणपण आहे. म्हणून रस्त्यात पडलेल्या प्लास्टिकच्या पिशवीला बुजणाऱ्या घोड्याला शिक्षा केली, तर त्याच्या हिशेबी पिशवी खरोखरच धोक्याची ठरते, कारण ती दिसताच मार बसला.

माणसाच्या शरीरातील बारीक बदल घोडा किती अचूक टिपतो, याचे प्रसिद्ध उदाहरण विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये घडले. हान्स नावाचा घोडा गणिते सोडवतो, असे त्याचे मालक फॉन ओस्टेन सांगत आणि घोडा खुराने ठोके देऊन बरोबर उत्तरही देत असे. 1907 मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी बारकाईने तपासले तेव्हा दिसले की, बरोबर ठोक्याला प्रश्न विचारणाऱ्याच्या शरीरातला ताण नकळत सैल होत असे आणि घोडा तो बदल पाहून थांबत असे. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, तर हान्सलाही ते येत नसे. अलीकडच्या काळात, 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील एका अभ्यासात स्वारांना आणि घोडा हातात धरून चालवणाऱ्यांना सांगण्यात आले की या फेरीत तुमच्याजवळ छत्री उघडली जाईल. छत्री प्रत्यक्षात उघडली गेलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्यासोबतच्या घोड्याचेही वाढले. याचा व्यवहारातला अर्थ असा की, आपली भीती लपवण्यात शक्ती खर्च करू नये, ती कमी करावी. श्वास रोखून धरला असेल तर तो सावकाश, लांब सोडावा, खांदे खाली आणावेत, जबडा सैल करावा, आणि तरीही धडधड थांबत नसेल तर त्या दिवशी दुडकीचा, म्हणजे हलक्या धावेचा, धडा सोडून साध्या चालीवर समाधान मानावे.

शाळा निवडताना काय पाहावे

प्रवेश घेण्यापूर्वी एक सकाळ तबेल्यात नुसते उभे राहावे. ठाणावर, म्हणजे घोडा बांधतात त्या जागी, स्वच्छ पाणी आणि वैरण आहे का, घोड्यांच्या बरगड्या उघड्या दिसतात का, तंगाच्या (खोगीर पोटाखालून बांधायच्या पट्ट्याच्या) जागी किंवा पाठीवर खोगिराच्या जखमा आहेत का, खूर वेळेवर कापलेले आहेत का, हे पाहावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खोगीर घेऊन माणूस येताना दिसला की घोडे काय करतात ते पाहावे. बहुतेक घोडे कान मागे चिकटवून तोंड फिरवत असतील तर काहीतरी दुखत आहे असे समजावे. मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे कामगार, घोड्यांमध्ये कसे वावरतात यावरून तर शाळेचा स्वभाव कळतो. जिथे ते हळू बोलतात आणि घोडा त्यांच्या हालचालीकडे कान वळवतो, तिथे शिकावे.

स्वाराचे वजन हाही विश्वासाचा भाग आहे, कारण ज्याच्यामुळे पाठ दुखते त्याच्यावर कोणताही प्राणी भरवसा ठेवणार नाही. स्वार, खोगीर आणि इतर साज मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे 20 टक्क्यांपेक्षा जास्त भार असू नये, असा सर्वमान्य अंदाज आहे. म्हणजे 350 किलोच्या घोड्यावर सगळे मिळून 70 किलो. आपल्याकडचे अनेक घोडे अंगाने लहान असतात, त्यामुळे हा हिशेब प्रशिक्षकाशी मोकळेपणाने बोलून घ्यावा. त्यात संकोच बाळगू नये.

घोडा कुठून आला आहे हेही विचारावे. पुण्या-मुंबईच्या शाळांमध्ये शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड घोडे पुष्कळ असतात. शर्यतीत त्यांनी लगामावर टेकून वेग वाढवायला शिकलेले असते, त्यामुळे घाबरलेल्या स्वाराने लगाम घट्ट ओढून धरला की असा घोडा थांबण्याऐवजी जोर धरतो. त्याच्यासाठी "ओढ आणि सोड" अशी लहान खूण लागते, सतत ओढ नव्हे. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या कानांची टोके आत वळलेली असतात. त्यांचे कान वाचायला डोळा थोडा सरावावा लागतो. भीमा खोऱ्यातला भीमथडी घोडा, ज्याला आता स्वतंत्र जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली आहे, आजही धनगर कुटुंबांचा संसार पाठीवर घेऊन वाटचाल करतो. माणसांच्या, मेंढरांच्या आणि कुत्र्यांच्या सहवासात वाढलेला असा घोडा नवख्याला फार काही शिकवून जातो. शिकण्यासाठी जातीपेक्षा वय आणि अनुभव पाहावा. नव्या स्वाराने नव्या, अर्धवट शिकलेल्या घोड्यावर कधीही बसू नये, मग तो कितीही देखणा असो.

जवळ जाणे

घोड्याकडे त्याच्या डाव्या खांद्याच्या रोखाने, थोडे तिरके, चालत जावे. थेट तोंडासमोरून किंवा मागून जाऊ नये. जाताना हळू आवाजात बोलावे. काय बोलतो याला महत्त्व नाही, आवाज दरवेळी तोच आणि तसाच असावा. दोन-तीन पावलांवर थांबावे आणि घोडा काय करतो ते पाहावे. त्याने मान वळवून कान आपल्याकडे आणले, तर पुढे जावे. त्याने मान फिरवली किंवा अंग ताठ केले, तर आपण एक पाऊल मागे यावे आणि पुन्हा थांबावे. मागे येण्यात काही गमावले जात नाही, उलट या माणसाला "थांब" म्हटलेले कळते, हे घोड्याला समजते.

पहिला स्पर्श नाकाला करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. नाकाच्या समोरची जागा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो मोह आवरावा आणि हात खांद्यावर ठेवावा. थोपटण्यापेक्षा खाजवणे चांगले. मान जिथे पाठीला मिळते, त्या खोगिरापुढच्या उंचवट्याजवळ घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. माणसाने तिथे खाजवले तरी घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे मोजून पाहिलेले आहे. जागा बरोबर सापडली की घोडा वरचा ओठ लांब करतो, मान खाली घेतो, डोळे अर्धे मिटतो.

खरारा

खरारा, म्हणजे घोड्याचे अंग घासून साफ करणे, हे मोतद्दाराचे काम समजून बरेच विद्यार्थी सजवून आणलेल्या घोड्यावर थेट चढतात. माझ्या मते घोड्याशी ओळख होण्याची सर्वांत चांगली संधी ते इथेच गमावतात. शाळेला विनंती करावी, अर्धा तास आधी यावे आणि मोतद्दाराच्या देखरेखीखाली खरारा स्वतः करावा. रबरी खराऱ्याने मानेपासून सुरुवात करून गोल गोल फिरवत धूळ मोकळी करावी, मग कडक ब्रशने केसांच्या दिशेने झाडावी, शेवटी मऊ ब्रशने तोंड आणि पाय पुसावेत. हाडे जिथे वर येतात, म्हणजे गुडघे, नडगी आणि चेहरा, तिथे खरारा वापरू नये.

एक हात काम करत असताना दुसरा हात घोड्याच्या अंगावर टेकलेला असावा. त्यामुळे आपण कुठे आहोत हे त्याला न पाहताही कळते आणि तो हलणार असेल तर आपल्यालाही आधी जाणवते. मागून जाताना एकतर अंगाला चिकटून, शेपटीच्या मुळावर हात ठेवून जावे किंवा लाथ पोचणार नाही इतक्या लांबून जावे. मधले अंतर सर्वांत धोक्याचे असते.

खराऱ्यात घोड्याचे शरीर पाठ होते. कुठे हात लागला की कातडी थरथरते, कोणत्या बाजूला तो वळून पाहतो, कुठे गरम लागते, कुठे काल नसलेली सूज आज आहे, हे सगळे आठवड्यागणिक जमत जाते. खूर उचलताना पायावरून हात खाली सरकवत न्यावा, घोट्याजवळ हलके दाबावे आणि त्याने पाय दिला की लगेच दाब सोडावा. टोकदार आकडीने टाचेकडून पुढच्या टोकाकडे घाण काढावी आणि तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाला इजा होणार नाही याची काळजी घ्यावी. पावसाळ्यात ओल्या ठाणामुळे त्या भागाला कुजट वास येऊ लागतो. तसे आढळल्यास त्याच दिवशी सांगावे.

दाब आणि सुटका

घोडा ज्या रीतीने शिकतो ती एकदा नीट कळली की पुढचे सगळे सोपे होते, म्हणून या पायरीवर घाई करू नये. दोरी ओढली, पाय अंगाला लावला, हाताने बाजूला ढकलले, हे सगळे दाब आहेत. दाब घोड्याला हालचालीला प्रवृत्त करतो, पण शिकवतो तो दाब सुटण्याचा क्षण. ज्या कृतीनंतर दाब सुटला ती कृती बरोबर, एवढेच त्याचे गणित आहे. सुटका दोन-तीन सेकंद उशिरा झाली तर तोवर घोड्याने भलतेच काहीतरी केलेले असते आणि तेच त्याच्या मनात पक्के होते. बहुतेक तथाकथित अडेल घोडे असेच तयार होतात. त्यांनी उत्तर दिले, तरी स्वाराने विचारणे थांबवले नाही, म्हणून हळूहळू त्यांनी उत्तर देणेच सोडले.

याचा सराव म्होरकी (घोड्याच्या तोंडाभोवती बांधायचा पट्टा) आणि दोरी घेऊन जमिनीवर करावा. दोरी हाताभोवती कधीही गुंडाळू नये. घोडा उधळला तर बोटे तुटतात. उरलेली दोरी घड्या करून डाव्या हातात धरावी. घोड्याच्या डाव्या खांद्याशी उभे राहून आधी स्वतः चालू लागावे. तो निघाला तर दोरी सैलच राहील. तो निघाला नाही तर दोरीत हलका ताण आणावा आणि तो तसाच स्थिर धरून ठेवावा, वाढवू नये, झटका देऊ नये. घोड्याने एक पाऊल टाकले, किंवा पहिल्या दिवशी वजन नुसते पुढे झुकवले, तरी ताण तत्काळ सोडावा. थांबताना आधी आपण श्वास सोडून थांबावे, मग गरज पडली तरच दोरीला खूण द्यावी. मागे सरणे, पुढचा भाग बाजूला घेणे, मागचा भाग बाजूला घेणे, हेही याच पद्धतीने होते.

या सरावात आधी शक्य तितकी हलकी खूण, मग ती थोडी स्पष्ट, मग आणखी स्पष्ट, आणि उत्तर येताच शून्य, असा क्रम दरवेळी राखावा. काही दिवसांत घोडा पहिल्याच खुणेला उत्तर देऊ लागतो, कारण तिच्यानंतर काय येते हे त्याला माहीत झालेले असते. ज्याला आपण "घोड्याचा विश्वास" म्हणतो त्याचा बराचसा भाग म्हणजे हा अंदाज बांधता येणे आहे. रोज गोड बोलणारा पण एकदा दुर्लक्ष करणारा आणि एकदा चाबूक उगारणारा माणूस घोड्याला फार घाबरवतो. कडक पण नेहमी सारखा वागणारा माणूस तेवढा घाबरवत नाही. सर्वांत चांगला तो, जो मऊही आहे आणि सारखाही.

सीमा पाळणे हाही याच शिस्तीचा भाग आहे. घोडा डोके घासू लागला, खांद्याने ढकलू लागला, खिशात तोंड घालू लागला, तर त्याला प्रेम समजून हसू नये. शांतपणे त्याला एक पाऊल मागे सारावे. पाचशे किलोच्या प्राण्याने माणसाची जागा जपायला शिकणे दोघांच्याही सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे.

खाऊबद्दल एक सूचना इथेच करतो. हाताने सतत गाजर किंवा गूळ दिल्यास घोडा चावे घेऊ लागतो आणि दोष त्याच्या माथी मारला जातो. शाळेची परवानगी घेऊन, काम संपल्यावर, घमेल्यात टाकून द्यावा. गाजराच्या चकत्या करू नयेत, त्या घशात अडकू शकतात. उभ्या फोडी कराव्यात.

खोगीर, तंग आणि चढणे

खोगीर पाठीवर आपटू नये. खांद्याच्या थोडे पुढे ठेवून ते केसांच्या दिशेने मागे सरकवावे, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहीत. तंग एका दमात आवळू नये. आधी खोगीर सरकणार नाही एवढाच बांधावा, घोड्याला चार पावले चालवावे, मग एक भोक, आणि चढण्यापूर्वी पुन्हा एक भोक घ्यावे. एका झटक्यात तंग आवळणाऱ्या हातांमुळेच अनेक घोडे पोट फुगवायला आणि चावायला शिकतात. लगामाची लोखंडी कडी थंडीच्या दिवसांत तळहातांत धरून कोमट करून मग तोंडात द्यावी. ही फार छोटी गोष्ट आहे, पण घोड्याच्या ती लक्षात राहते.

चढण्यासाठी शक्यतो ओटा किंवा स्टूल वापरावे. जमिनीवरून रिकिबीत पाय घालून लटकत चढल्याने खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीच्या कण्यावर तिरका ताण येतो. घोडा स्थिर उभा राहिल्याशिवाय चढू नये, आणि चढल्यावर लगेच चालवू नये. खोगिरात हलकेच टेकावे, रिकिबी जुळवाव्यात, एक-दोन श्वास घ्यावेत, मग निघावे. एवढे दरवेळी केले, तर स्वार चढताच चालू पडण्याची खोड घोड्याला लागत नाही. हेल्मेट आणि टाच असलेले बूट यांच्याविना घोड्यावर बसू नये, पर्यटनस्थळावरच्या पाच मिनिटांच्या फेरीलाही नाही.

मांड आणि हात

मांड, म्हणजे खोगिरातली बैठक, पक्की होईपर्यंत स्वार तोल सावरण्यासाठी लगामाला लटकतो आणि प्रत्येक हिसका घोड्याच्या तोंडाला बसतो. म्हणून सुरुवातीचे धडे लांब दोरीवर, प्रशिक्षकाच्या हाती घोडा असताना, लगाम न धरता घ्यावेत, असा आग्रह प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः धरावा. तोल जातोय असे वाटले तर आयाळ किंवा खोगिराचा पट्टा धरावा. त्यात कमीपणा नाही. घोड्याच्या तोंडापेक्षा आयाळ धरणे केव्हाही बरे.

कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत असावेत. नजर घोड्याच्या मानेवर खिळू न देता जिथे जायचे तिथे ठेवावी, कारण डोके वळते तसे खांदे, कंबर आणि मांड्या किंचित वळतात, आणि हान्सच्या वारसदाराला एवढी खूण पुरते. चालताना घोड्याची मान पुढे-मागे होते. हातांनी तिच्यासोबत जावे. थांबवताना आधी कंबर स्थिर करावी, श्वास सोडावा, मग बोटे मिटावीत, आणि घोडा मंदावताच बोटे उघडावीत. जमिनीवर दोरीने जो करार झाला होता, तोच इथे बोटांनी पाळायचा आहे.

पाय आणि लगाम एकाच वेळी वापरू नयेत. "चल" आणि "थांब" एकत्र ऐकणारा घोडा गोंधळतो, मग शेपटी झटकतो, मग दुगाण्या झाडतो. शाळेतला घोडा टाचांना दाद देत नसेल तर जोराने मारत सुटण्यापूर्वी, आपली पोटरी सतत त्याच्या अंगावर आदळत तर नाही ना, हे प्रशिक्षकाला पाहायला सांगावे. पाय शांत झाला की तोच घोडा हलक्या खुणेला निघतो, हे मी पुष्कळ विद्यार्थ्यांच्या बाबतीत पाहिले आहे. दुडकी बसून झेपेपर्यंत कँटरची, म्हणजे त्याहून वेगवान दौडीची, घाई करू नये.

घोडा बुजतो तेव्हा

घोडा बुजण्याआधी सूचना देतो. मान ताठ होते, दोन्ही कान एका जागी रोखले जातात, पाठ खोगिराखाली कडक होते, चाल तुटक होते. याच वेळी काही करता येते. लगाम घट्ट आवळू नये, त्या वस्तूकडे टक लावून पाहू नये. अंतर वाढवावे, घोडा जिथून ती वस्तू पाहूनही चालू शकेल अशा जागेवर त्याला सावकाश गोल फिरवावे आणि त्याने मान खाली घेतली, फुरफुरला, ओठ चघळले की सैल सोडून थोडा विसावा द्यावा. मग अंतर थोडे कमी करावे. दोन्ही बाजूंनी ती वस्तू दाखवावी. डाव्या डोळ्याने पाहिलेली ताडपत्री उजवीकडून येताना त्याला पुन्हा नवी वाटू शकते. आपली भीती जास्त असेल तर खाली उतरून घोड्याला हाताने चालवत न्यावे; उतरल्याने घोडा "जिंकतो" ही समजूत निराधार आहे.

सवय किती दूरपर्यंत नेता येते, हे पाहायचे असेल तर आषाढी वारीतले रिंगण पाहावे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीसोबतचे अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येतात, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीपासून आळंदीपर्यंतची वाट ते पायी चालून येतात. रिंगणात टाळ-मृदंगांचा कल्लोळ असतो, पताका फडकत असतात, चहूबाजूंनी माणसांची भिंत असते, आणि स्वाराविना धावणारा माउलींचा अश्व त्या कडेकडेने दौडत जातो. नवा घोडा तिथे एकदम आणून सोडला तर तो जीव घेऊन पळेल. गर्दीची आणि आवाजाची ओळख वाटेवर, गावागावांतून, पावलापावलाने व्हावी लागते. आपल्या घोड्यालाही ढोल, ट्रॅक्टर, फुगे आणि छत्र्या यांची ओळख तशीच, लांबून आणि थोडी थोडी करून द्यावी. गणपतीच्या किंवा दिवाळीच्या दिवसांत मात्र नव्या स्वाराने रस्त्यावर घोडा नेऊच नये.

हट्ट की दुखणे

काल नीट चालणारा घोडा आज अडत असेल तर आधी दुखणे शोधावे. तंगाखाली खडा किंवा दुमडलेली कातडी, पाठीवर सूज, सैल झालेला नाल, दातांची टोके, खोगीर न बसणे, ही नेहमीची कारणे आहेत. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि त्यांच्या कडा धारदार होतात, म्हणून वर्षातून एकदा तरी पशुवैद्यकाकडून तपासून घासून घ्यावे लागतात. खुरांना साधारण 5 ते 6 आठवड्यांनी नालबंद लागतो. विश्रांतीत प्रौढ घोड्याचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतो. हे आकडे पाठ असावेत, आणि जबड्याखाली नाडी मोजायला मोतद्दाराकडून शिकून घ्यावे.

पोटदुखीबद्दल वेगळे सांगायला हवे. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलेले बाहेर पडायला वाट नसते. तो वारंवार पोटाकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला, पुन्हा पुन्हा लोळू लागला, लीद टाकायची थांबला, तर पशुवैद्यकाला तत्काळ बोलवावे आणि ते येईपर्यंत खायला काही देऊ नये. घरगुती उपायांत घालवलेला वेळ जिवावर बेततो.

उरते ते खरोखरचे न समजणे. तेव्हा धडा लहान करावा, जे त्याला येते तिथे परत यावे, ते एकदा नीट करून घ्यावे आणि तिथेच थांबावे. रागात असताना घोड्यावर बसू नये. इंग्लंडमधील संशोधकांना 2016 मध्ये असे आढळले की माणसाच्या रागावलेल्या चेहऱ्याच्या छायाचित्रानेही घोड्यांच्या हृदयाचे ठोके वेगाने वाढतात.

रपेट संपल्यावर

शेवटची दहा मिनिटे सैल लगामावर साधी चाल ठेवावी, म्हणजे श्वास जागेवर येतो. उतरल्यावर रिकिबी वर सरकवाव्यात, तंग दोन भोके सैल करावा आणि ठाणापर्यंत घोड्याला चालवत न्यावे. मार्च ते मेमध्ये सकाळी लवकरच रपेट आटोपावी. घाम आलेल्या अंगावर, विशेषतः छातीवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला, पाणी ओतून निथळावे आणि पुन्हा ओतावे. प्यायला पाणी लगेच द्यावे. दमलेल्या घोड्याला पाणी देऊ नये ही जुनी समजूत आपल्याकडच्या उन्हात त्याला अपाय करते. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र तो पूर्ण शांत झाल्यावरच द्यावी. वैरण आधी, दाणा नंतर. दिवसाला शरीराच्या वजनाच्या किमान दीड ते दोन टक्के इतकी कोरडी वैरण त्याच्या पोटात गेली पाहिजे, कारण त्याचे लहान जठर थोडे थोडे आणि जवळजवळ दिवसभर खाण्यासाठी बनलेले आहे.

खोगीर काढल्यावर पाठीवरचा घामाचा ठसा पाहावा. ओल्या ठशात मधेच एखादा कोरडा डाग राहिला असेल, तर तिथे खोगीर दाबत असण्याची शक्यता असते. तो मोतद्दाराला दाखवावा. खूर पुन्हा एकदा साफ करावेत, मानेच्या मुळाशी जिथे त्याला आवडते तिथे थोडे खाजवावे, आणि त्या दिवशी कोणती खूण लवकर कळली, कुठे तो बुजला, कोणत्या बाजूला वळायला कडक वाटला, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या वेळी त्याच्याजवळ जाण्याआधी ती वही उघडून पाहता येते.